सभेतला एकटा नकार

सभेत बसावयाचे तर मनुष्याला दोन शब्द उच्चारता आले पाहिजेत : एक 'होय' आणि दुसरा 'नाही'. पहिल्या शब्दाला फारसे धैर्य लागत नाही. शेजारच्याचा हात वर गेला की आपलाही जातो. दुसऱ्या शब्दाला मात्र धैर्य लागते, आणि म्हणूनच नकार देणारा एकटा सभासद आपणांस सहज मोठा वाटतो. कौरवसभेत द्रौपदीची विटंबना चालू असता भीष्मद्रोणांसारखे वडीलधारे माना खाली घालून बसले, आणि धृतराष्ट्राच्या शंभर पुत्रांपैकी एकटा विकर्ण उठून हा अधर्म आहे असे म्हणाला, ही कथा कीर्तनात ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर रोमांच उभे राहतात. एकट्याचा नकार नेहमी धर्माच्याच बाजूचा असतो काय, असा प्रश्न त्या घटकेस कोणाच्या मनात येत नाही.

माझ्या मनात तो एका लहानशा प्रसंगाने आला. पुष्कळ वर्षांमागे आमच्या देवस्थानच्या महाजनांची वार्षिक सभा भरली होती. देवाच्या मालकीची एक जमीन अगदी अल्प खंडाने एका वजनदार गृहस्थाला द्यावयाचा ठराव पुढे आला. मी तेव्हा तरुण होतो. उठलो, 'हे मला मान्य नाही' असे मोठ्याने सांगितले, आणि अग्रशाळेच्या पायऱ्या उतरून तडक घरी आलो. दुसऱ्या दिवशी बाजारात चार जणांनी पाठ थोपटली. ठराव अर्थातच संमत झाला. पण माझे हात स्वच्छ राहिले, ह्या समाधानात मी कित्येक वर्षे होतो. पुढे त्याच सभेत हजर असलेले एक वृद्ध महाजन एकदा बोलता बोलता मला म्हणाले, "बाब, तूं उठून गेलो म्हूण आमकां सोंपें जालें." त्यांच्या बोलण्यात उपहास नव्हता, रागही नव्हता. जे घडले ते त्यांनी सांगितले, इतकेच. मी तेथे बसून राहिलो असतो, हिशेब मागितला असता, तर आणखी तिघेचौघे बोलणार होते. मी गेलो, आणि बोलण्याचे कारणच माझ्याबरोबर निघून गेले.

ते वाक्य मनात सलत असतानाच पोलंडच्या विधिमंडळाचा इतिहास माझ्या वाचनात आला, आणि माझ्या क्षुद्र प्रसंगातील प्रश्न एका सबंध राष्ट्राने दीडशे वर्षे जगून पाहिला होता असे दिसून आले. पोलंड हा देश आपणांस अगदीच परका नाही. दुसऱ्या महायुद्धात त्या देशाच्या पूर्व भागातून रशियात हद्दपार झालेल्या आणि तेथून सुटून आलेल्या सुमारे पाच हजार माणसांची, बहुतांशी स्त्रिया व मुले यांची, वसाहत १९४३ ते १९४८ पर्यंत कोल्हापूरजवळ वळिवडे येथे होती. त्या मुलांच्या पूर्वजांचे राज्य एकदा नकाशावरून पुसले गेले होते, आणि ते पुसले जाण्यात त्यांच्या विधिमंडळाचा वाटा थोडा नव्हता.

ह्या विधिमंडळाचे नाव सेइम. राजा, सिनेट आणि प्रांतोप्रांतीचे प्रतिनिधी अशी तिची घडण १४९३ मध्ये पिओत्रकुफ येथे भरलेल्या अधिवेशनापासून स्पष्ट दिसू लागते. १५०५ मध्ये असा कायदा झाला की सिनेट व प्रतिनिधी यांच्या सामाईक संमतीवाचून राजाने काहीही नवे करू नये. १५६९ मध्ये पोलंड व लिथुआनिया यांचे एकीकरण झाल्यावर दोहोंची सेइम एक झाली आणि पुढे ती प्रायः वॉर्सा येथे भरू लागली. १५७३ पासून राजाला शपथेवर बांधून घेण्यात आले की दर दोन वर्षांनी सेइम बोलाविलीच पाहिजे. तिची मुदत सहा आठवड्यांची, आणि ती वाढवावयाची तर सर्वांच्या संमतीने. युरोपातले बहुतेक राजे आपापल्या सभा मोडीत काढीत होते त्या काळी हे घडत होते, हे लक्षात ठेवले पाहिजे.

सभासदांविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. सिनेटमध्ये बिशप, प्रांताधिकारी व मंत्री असे सुमारे दीडशे लोक बसत. दुसऱ्या सभागृहात सुमारे १७० निवडलेले प्रतिनिधी असत. पोलिश भाषेत अशा प्रतिनिधीला जो शब्द आहे त्याचा अर्थ 'दूत' असा होतो. परराष्ट्रात पाठविलेल्या वकिलालाही तोच शब्द. हे दूत प्रांतसभांतून निवडले जात, निघताना त्यांच्या हाती लेखी आज्ञापत्र दिले जाई, आणि परत आल्यावर त्यांना प्रांतसभेपुढे जाब द्यावा लागे. निवडणारे सारे सरदार-जमीनदार वर्गाचे, म्हणजे लोकसंख्येचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही कमी. शेतात राबणाऱ्या कुळांना ह्या सभेत जागा नव्हती, आणि त्यांच्या वतीने कोणी नकार दिल्याचे क्वचितच आढळते. ही गोष्ट दृष्टिआड करून त्या काळच्या 'सुवर्ण-स्वातंत्र्या'चे गोडवे गाणे बरोबर होणार नाही.

सेइममध्ये ठराव एकमताने व्हावा असा प्रघात होता. आज आपणांस हे विचित्र वाटते. पण गोमंतकातल्या वाचकांस वाटू नये. आपल्या जुन्या गांवकारीतही ठराव सर्व गांवकारांच्या एकमताने व्हावा अशीच रीत होती. तिच्यामागे एक गंभीर विचार आहे. जो निर्णय सर्वांना बांधणार तो सर्वांना पटलेला असावा. दहांनी मिळून अकराव्याला दडपावे, ह्यात संख्येचे बळ दिसते, न्याय दिसतोच असे नाही. पोलंडमध्ये ही रीत जवळजवळ दीडशे वर्षे चालली, आणि बऱ्यापैकी चालली. कारण ज्याचे मत वेगळे असे तोही सभेत बसून राही. त्याची समजूत घातली जाई, त्याच्यासाठी ठरावाचे शब्द बदलले जात, आणि अखेर तोही लोकांच्या भल्यासाठी आपला हट्ट सोडी. एकमत म्हणजे सर्वांचे आधीपासून जुळलेले मत असा त्याचा अर्थ नव्हता. घासून घासून जुळविलेले मत, असा होता.

हा धागा १६५२ मध्ये तुटला. राज्यावर संकट होते. युक्रेनमधील कोसॅकांचे बंड सुमारे चार वर्षे चालू होते आणि सैन्यासाठी कर बसविणे अवश्य होते. सहा आठवड्यांची मुदत संपत आली, काम उरले, म्हणून अधिवेशन थोडे वाढवावे अशी सूचना आली. ९ मार्च रोजी लिथुआनियातील उपिता ह्या भागाचा दूत व्लादिस्लाव शिचिन्स्की ह्याने, मुदत वाढविण्यास माझी संमती नाही, असे जाहीर केले आणि तो सभागृहातून निघून गेला. एका बड्या सरदाराच्या इशाऱ्यावरून त्याने हे केले असे त्या काळीच बोलले जात होते. त्याची समजूत घालण्यासाठी त्याचा शोध झाला, परंतु तो सापडला नाही असे सांगतात. प्रतिनिधींच्या सभागृहाच्या अध्यक्षाला तेथे मार्शल म्हणत. त्या वेळचा मार्शल आंद्रेय फ्रेद्रो ह्याच्यापुढे पेच उभा राहिला : एका गैरहजर माणसाचा नकार मानावयाचा की नाही? त्याने तो मानला, आणि सेइम काही न करता विसर्जित झाली. तीन महिन्यांच्या आत, जूनच्या आरंभी, बातोह येथे पोलिश सैन्याचा दारुण पराभव झाला. हा पराभव केवळ त्या नकारामुळे झाला असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण सैन्याच्या खर्चाचा प्रश्न ज्या सभेत सुटावयाचा होता ती सभा एका माणसाच्या पाठीमागे उठून गेली होती, एवढे खरे. लोकांनी त्या माणसाला क्षमा केली नाही. त्याच्यावर वीज पडली आणि त्याच्या देहाला भूमीने पोटात घेतले नाही, अशी दंतकथा त्याच्या गावी दीर्घकाळ चालत आली.

ह्या हक्काला लॅटिनमध्ये 'लिबेरुम वेटो', म्हणजे मनाईचा मोकळा अधिकार, असे नाव पडले. त्याची धार विशेष होती. एका अधिवेशनातील सर्व कायदे मिळून एकच वस्तू मानली जाई. त्यामुळे एका बाबीला नकार आला की त्या अधिवेशनात आधी संमत झालेले सर्व काही रद्द होई. १६६९ मध्ये तर मुदत संपण्यापूर्वीच सेइम मोडली गेली. १६८८ मध्ये मार्शलची निवड होण्याच्याही आधी ती मोडली. १५७३ ते १७६३ ह्या काळात भरलेल्या सुमारे दीडशे अधिवेशनांपैकी जवळजवळ एकतृतीयांश काही कायदा न करताच संपली. तिसऱ्या ऑगस्ट राजाच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत १७३६ चे एकच अधिवेशन तडीस गेले. नकाराला बाजारभाव आला होता. शेजारच्या राजांच्या वकिलांना सबंध सभा विकत घेण्याची गरज नव्हती. एक सभासद पुरे होता.

आणि ह्या रोगावर उपाय म्हणून काय झाले? १ फेब्रुवारी १७१७ रोजी सेइम एकाच दिवसासाठी भरली. रशियाच्या झारच्या मध्यस्थीने ठरलेली कलमे वाचून दाखविण्यात आली आणि दूतांना बोलण्याची मुभाच दिली नाही. कारण कोणी तोंड उघडले तर न जाणो, नकार निघावयाचा! इतिहासात ती 'मुकी सेइम' म्हणून प्रसिद्ध आहे. जेथे नकार बेजबाबदार झाला तेथे अखेर वाणीवरच कुलूप पडले.

तथापि विरुद्ध पक्षाचे म्हणणे न ऐकता निवाडा करणे योग्य नव्हे. ज्या फ्रेद्रोने १६५२ मध्ये शिचिन्स्कीचा नकार मानला त्यानेच पुढे आपल्या लेखनात ह्या हक्काचे समर्थन केले, आणि फ्रेद्रो काही मूर्ख नव्हता. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की जगात शहाणे थोडे व अविचारी पुष्कळ. केवळ बहुमतावर राज्य सोपविले तर शहाण्याला संरक्षण कोठले? एका सुज्ञाच्या हाती अडविण्याचे सामर्थ्य असू द्यावे. ह्या विचारात तथ्य नाही असे कोण म्हणेल? कौरवसभेत मते मोजली असती तर निकाल काय लागला असता, हे आपणांस ठाऊक आहे. फ्रेद्रोची चूक एवढीच की अडविण्याचे सामर्थ्य सुज्ञाच्या हाती द्यावयाचे म्हणून त्याने ते प्रत्येकाच्या हाती दिले, आणि त्याबद्दल जाब विचारण्याची सोय ठेवली नाही. स्तानिस्लाव कोनार्स्की ह्या धर्मोपदेशकाने १७६० नंतरच्या काही वर्षांत चार भागांचा ग्रंथ लिहून बहुमताने निर्णय करण्याची पद्धत आग्रहाने मांडली. लोकांचे डोळे उघडू लागले. पण तोवर फार उशीर झाला होता. १७६८ मध्ये रशियाच्या दडपणाखाली मोकळ्या नकाराचा हक्क राज्याच्या मूलभूत नियमांत कायम करण्यात आला आणि त्याची हमी रशियाच्या राणीने घेतली. आपल्या स्वातंत्र्याचे रक्षण करण्यास शत्रू इतका उत्सुक का, हा प्रश्न ज्या राष्ट्राला वेळीच पडत नाही त्याचे भवितव्य सांगावयास ज्योतिषी नको.

१७७२ मध्ये रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया ह्या तीन राज्यांनी मिळून पोलंडची सुमारे तीन दशांश भूमी तोडून घेतली, आणि ह्या लुटीवर खुद्द सेइमनेच शिक्कामोर्तब करावे असा आग्रह धरला. एप्रिल १७७३ मध्ये वॉर्सा येथे सेइम भरली. ह्या वेळी कोणी नकार देऊन काम मोडू नये म्हणून एक युक्ती योजिली होती. पोलंडच्या रिवाजात 'संघबद्ध' सेइम म्हणून एक प्रकार असे. तीत निर्णय बहुमताने होई आणि वेटो चालत नसे. मार्शल म्हणून आदाम पोनिन्स्की पुढे झाला. तो परक्यांचा पैसा खाणारा होता. तेव्हा नोव्होग्रुदेकचा दूत तादेउश रेइतान उठला. मार्शलची निवड रीतसर झालेली नाही, ही सभा विधियुक्त नाही, असे त्याने म्हटले, आणि मोजक्या सोबत्यांसह तो सभागृहात ठाण मांडून बसला. २१ एप्रिलला इतर सभासद निघू लागले तेव्हा तो दाराच्या उंबऱ्यावर आडवा पडला, आणि जावयाचे असेल तर मला तुडवून जा, अशा अर्थाचे शब्द त्याने काढले. सभासद त्याला ओलांडून गेले. काम दुसरीकडे चालू झाले, आणि ३० सप्टेंबर १७७३ रोजी विभाजनाला सेइमची मान्यता मिळाली. रेइतान आपल्या गावी परतला आणि मनाने खचून १७८० मध्ये मरण पावला. पोनिन्स्कीची चौकशी पुढे १७९० मध्ये झाली व त्याची पदवी काढून घेण्यात आली.

येथे क्षणभर थांबून पाहावे. एकशे एकवीस वर्षांच्या अंतराने दोन माणसांनी नकार दिला. पहिल्याच्या वेळी नियम असा होता की एकाच्या नकाराने सर्व थांबावे. त्याने तो नकार कोणाच्या तरी सोयीसाठी वापरला आणि राष्ट्राचे काम बुडविले. दुसऱ्याच्या वेळी नियम असा होता की बहुमताने सर्व व्हावे. त्या नियमाच्या आडून देश विकला गेला, आणि जो नकार एकदा तरी खरोखर हवा होता तो निष्फळ ठरला. म्हणजे एकमताचा नियम असो की बहुमताचा, कोणताही नियम सभेला पापापासून आपोआप वाचवीत नाही. नियम चांगले असावेत, ह्याबद्दल वाद नाही. पण नकाराची किंमत नियमात लिहिलेली नसते. ती पाहावयाची तर सभागृहाच्या दाराकडे पाहावे : एक त्या दारातून बाहेर निघून गेला, दुसरा त्या दारात पडून राहिला. निघून गेलेल्याच्या नकाराचा भार इतरांनी वाहिला. पडून राहिलेल्याने तो स्वतः वाहिला.

पुढली हकीगत थोडक्यात सांगतो. १७८८ ते १७९२ पर्यंत चाललेल्या सेइमने ३ मे १७९१ रोजी लिखित घटना स्वीकारली आणि लिबेरुम वेटो कायमचा काढून टाकला. शेजाऱ्यांना हे शहाणपण सोसले नाही. रशियाच्या फौजा आल्या, आणि १७९३ मध्ये ग्रोद्नो येथे सेइम पुन्हा बोलाविण्यात आली. दुसऱ्या विभाजनाला मान्यता देण्यासाठी. २३ सप्टेंबर रोजी, भोवती शिपाई उभे असता, सभासदांनी प्रतिकाराचा शेवटचा मार्ग म्हणून मौन धरले. रात्र उलटून गेली तरी कोणी बोलेना. अखेर एका सभासदाने सुचविले की मौन म्हणजे संमती. मार्शलने तीन वेळा विचारले, तिन्ही वेळा कोणी काही बोलले नाही, आणि ठराव एकमताने संमत झाल्याचे त्याने जाहीर केले! जी सभा एकमतासाठी एवढा आग्रह धरीत आली तिला अखेर असे एकमत लाभले. १७९५ मध्ये उरलेला देशही वाटला गेला, आणि १९१८ पर्यंत, म्हणजे १२३ वर्षे, पोलंड हे राज्य जगाच्या नकाशावर नव्हते. आजच्या सेइममध्ये ४६० सभासद आहेत आणि सामान्य कायदे बहुमताने होतात.

आपल्या देशाच्या संसदेत असा मोकळा नकार कधीच नव्हता. तेथे उपस्थित व मतदान करणाऱ्यांच्या बहुमताने निर्णय होतो, आणि ते योग्यच आहे. पण आपणांकडे दुसऱ्या टोकाचा प्रश्न उभा राहिला. सभासद सोयीप्रमाणे पक्ष बदलू लागले. गोमंतकाच्या वाचकांस पक्षांतराची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. त्याला आळा घालण्यासाठी १९८५ मध्ये ५२ वी घटनादुरुस्ती झाली. तीनुसार पक्षादेशाविरुद्ध मत देणाऱ्याचे, किंवा आदेश असता मतदानास गैरहजर राहणाऱ्याचे, सदस्यत्व जाऊ शकते. विकाऊ सभासदाला बांधण्यासाठी ही दोरी वळली हे मान्य. परंतु तिने प्रामाणिक सभासदही बांधला गेला. पोलंडमध्ये एकाचा नकार साऱ्यांना थांबवी. आपल्याकडे एकाला नकार द्यावयाचा तर जागा गमावण्याची तयारी लागते. ह्यातही एक गोष्ट मला आशेची वाटते. जो नकार देण्यासाठी सभासदाला स्वतःचे आसन पणाला लावावे लागते, तो नकार निदान स्वस्त असू शकत नाही. परंतु सगळेच सभासद ह्या किमतीला भ्याले, तर ग्रोद्नोच्या त्या रात्रीसारखे आपलेही मौन कोणी संमती म्हणून मोजील.

विकर्णाकडे पुन्हा एकदा वळतो. त्याच्या बोलण्याने द्यूतसभा थांबली नाही. कर्णाने त्याला पोरकट म्हणून धुडकाविले. पुढे युद्धात तो भावांच्या बाजूनेच लढला आणि पडला, हेही आपण जाणतो. त्यामुळे त्याला निष्कलंक म्हणता येणार नाही. पण त्या सभेत तो बोलला, आणि धुडकाविला गेल्यावरही त्याचे म्हणणे सभेत ऐकले गेलेले होते. भीष्मांच्या मौनाविषयी जो प्रश्न आपण आजही विचारतो तो विचारण्याचे बळ आपणांस विकर्णाने दिले आहे.

राहता राहिला माझा प्रसंग. राष्ट्रांच्या इतिहासाशेजारी देवस्थानच्या एका ठरावाची गोष्ट मांडताना संकोच वाटतो. परंतु पोलंडचे दूतही लहान लहान गावांतूनच आले होते, आणि सभेत कसे वागावे हे मनुष्य प्रथम गावच्या सभेतच शिकतो. महाजन म्हणून मला जे मत होते ते माझ्या मालकीचे नव्हते. ती देवाची व गावाची ठेव होती. मी तिचा उपयोग माझे हात स्वच्छ ठेवण्यासाठी केला. मला तेथे बसावयास हवे होते. हिशेब मागावयास हवा होता. हरलो असतो तर माझा विरोध सभेच्या वहीत नोंदवून घ्यावयास हवा होता, आणि पुढल्या वर्षी पुन्हा तेथेच जाऊन बसावयास हवे होते. त्या जमिनीच्या खंडाची मुदत मागाहून संपली आणि ठराव पुन्हा सभेपुढे आला. त्या वेळीही मी 'मान्य नाही' म्हणालो, आणि बसून राहिलो. निकाल पूर्वीसारखाच लागला. पण ह्या खेपेस वहीत माझ्या विरोधाखाली आणखी पाच सह्या होत्या, आणि त्यांतली पहिली त्या वृद्ध महाजनांची होती.